जुन्या गेमची विक्री नोंदवताना 'कम्प्लीट' म्हणजे नक्की काय धरायचं?

कॅसेटवाला | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा डोकं लावा.

गेली तीन वर्षं मी जुन्या व्हिडिओ गेमच्या विक्रीची वही ठेवतोय. वही म्हणजे एक्सेलच, पण तोंडात वही बसलंय. मी घेतलेले-विकलेले गेम आणि आमच्या पुण्याच्या गटातले लोक 'एवढ्याला गेला' म्हणून कळवतात ते. गेमचं नाव, कन्सोल, तारीख, किंमत, आणि शेवटी 'शेरा'.

गेल्या महिन्यात एकाने विचारलं, पीएस २ (प्लेस्टेशन २) ची जीटीए सॅन अँड्रियास कितीला देऊ? मी रुबाबात वही उघडली. पाच नोंदी होत्या: ४००, ४५०, ५००, १४००, १६००. सरासरी ८७०. म्हटलं, पावणेनऊशेला दे डोळे मिटून. त्या बिचाऱ्याची जाहिरात अजून तशीच पडून आहे.

मग शेरे वाचले. पहिल्या तीन नुसत्या डिस्क, कागदी पाकिटातून आलेल्या. शेवटच्या दोन डबा, पुस्तिका आणि तो घडीचा नकाशा यांच्यासकट. म्हणजे ८७० ला आजवर एकही प्रत गेलेली नाही आणि मी तोच भाव सांगत बसलो होतो.

दुसरं दुखणं ताजं आहे. एकाकडून निन्टेन्डो डीएसची पोकेमॉन हार्टगोल्ड 'फुल कम्प्लीट' म्हणून घेतली. पार्सल उघडलं तर पोकेवॉकर, म्हणजे गेमसोबत येणारं ते पावलं मोजायचं छोटं यंत्र, गायब. तो म्हणतो, "दादा, डबा आहे, पुस्तक आहे, कॅसेट आहे, अजून काय पाहिजे?" आता ही विक्री वहीत कम्प्लीट म्हणून लिहू की नको?

तर प्रश्न असा की तुम्ही रकाने कसे पाडता? वहीत ३१७ नोंदी आहेत, सगळ्या पुन्हा लावायची तयारी आहे.

खडखड्या | रविवार, रात्री १०:५२

आमच्या वेळी कंडिशन एकच होती. फुंकर मारल्यावर कॅसेट चालते की नाही.

जुनी_फुंकर | रविवार, रात्री ११:०५

नाव माझं असलं तरी सांगतो, फुंकर मारू नका. तोंडातली ओल पिनांवर बसते आणि गंज धरतो. कॅसेट काढून परत घातल्यामुळे चालते, श्रेय फुंकरेला मिळतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

धागाकर्त्याच्या प्रश्नावर सवडीने लिहितो. दुकान बंद करून आत्ताच जेवायला बसलोय.

मोजपट्टी | सोमवार, सकाळी ८:१५

कॅसेटवाला, तुमचा घोळ सरासरीचा नाही, 'शेरा' नावाच्या रकान्याचा आहे. त्यात तुम्ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र कालवलीत. एक, काय काय आहे. दोन, जे आहे ते कसं आहे. 'मस्त कंडिशन, बॉक्स नाही' आणि 'बॉक्ससकट, जरा फाटका' या दोन शेऱ्यांतला कुठला वरचढ? उत्तरच नाही, कारण मापं वेगळी.

माझं पोट सॉफ्टवेअर तपासण्यावर चालतं, त्यामुळे सवयीने असं करेन:

'काय काय आहे' यासाठी कम्प्लीट हा शब्दच लिहू नका. प्रत्येक वस्तूला आपापला रकाना द्या. गेम (डिस्क किंवा कॅसेट), डबा किंवा खोका, कव्हरचा कागद, पुस्तिका, आणि 'इतर' (नकाशा, पोस्टर, पोकेवॉकर वगैरे). प्रत्येकात तीनच उत्तरं: आहे, नाही, माहीत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. विकणाऱ्याने पुस्तिकेचा उल्लेखच केला नसेल आणि फोटोत डबा मिटलेला असेल, तर पुस्तिका 'नाही' असं लिहायचं नाही. आणि डबा आहे म्हणजे असेलच, असंही नाही. 'माहीत नाही' लिहून पुढे जायचं. अशी नोंद भाव काढताना बाजूला ठेवायची. नोंदी कमी झाल्या तरी चालतील.

मग कम्प्लीट कोण ठरवणार? तर वहीला जोडून दुसरी यादी ठेवा: कंपनीने मुळात खोक्यात काय दिलं होतं. ही यादी गेमगणिक वेगळी. पीएस ४ च्या कित्येक गेममध्ये पुस्तिका नव्हतीच, तिथे 'पुस्तिका नाही' म्हणून भाव पाडणं चूक. निन्टेन्डो स्विचचा डबा उघडला तर बहुतेक वेळा आत एकटं कार्ड. उलट हार्टगोल्ड २०१० मध्ये पाश्चात्त्य बाजारात आली ती मोठ्या खोक्यात, पोकेवॉकरसकट. म्हणून तुमची प्रत अपूर्ण. तुम्ही दिलेली किंमत ही 'पोकेवॉकरशिवाय' या प्रतीची किंमत. कम्प्लीटच्या खात्यात टाकलीत तर पुढच्या माणसाचा भाव बिघडेल.

कॅसेटवाला | सोमवार, सकाळी ९:०२

ताई, 'माहीत नाही' हे पटलं. तिथेच मी माती खाल्ली आहे. शेरा रिकामा दिसला की मी बिनदिक्कत सुटी (नुसता गेम, बाकी काही नाही) धरायचो.

गल्ली_नं_२ | सोमवार, दुपारी १:३०

कोल्हापुरातनं लिहितोय. सेकंडहँड डिस्कचंच दुकान हाय माझं. एक सांगू का, रागावू नका. आमच्याकडं पुस्तिका कोण बघत न्हाई. पोरगं येतंय, डिस्क उलटी करून उजेडात धरतंय, मशीनमध्ये टाकून दाखवा म्हणतंय, चालू झाली की पैसे टाकून जातंय. डबा फुटका असला तर पन्नास रुपये कमी कर म्हणतंय, एवढंच. तुमचे हे सहा रकाने भरत बसलो तर गिऱ्हाईक पळून जाईल.

मोजपट्टी | सोमवार, दुपारी २:१०

रागवायचं काय त्यात, मुद्दा रास्त आहे. पीएस ४ च्या फुटबॉलच्या गेमला डबा असला काय, नसला काय, भावात फरक थोडाच. पण हे कळलं कसं? तुम्ही रोज विकता म्हणून. कॅसेटवाल्यांना ते वहीतून कळायचं असेल तर दोन्ही ढीग आधी वेगळे करावे लागतील. मग 'या गेमला फरक पडत नाही' हेसुद्धा आकड्यातूनच दिसेल.

आणि गेम बॉयच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचं पाहा. पोरांनी ती पहिल्याच दिवशी फाडून फेकली. कॅसेटी उरल्या, खोकी नाहीत. तिथे खोक्यासकट आणि खोक्याशिवाय हे दोन निराळे बाजार आहेत.

गल्ली_नं_२ | सोमवार, दुपारी २:२५

हां, मग बरोबर हाय. पण एक रकाना माझ्याकडनं वाढवा: 'डिस्क किती'. रेड डेड रिडेम्प्शन २ पीएस ४ वर दोन डिस्कची हाय. एक डेटाची, एक खेळायची. लोक खेळायची तेवढी आणून विकत्यात, डेटाची घरात मशीनवर चढवून तशीच राहिलेली. घेणारा घरी जातो आणि गेम चढतच न्हाई. मी स्वतः दोनदा फसलोय. तवापासनं डबा उघडून दोन्ही बाजू बघतो.

कॅसेटवाला | सोमवार, दुपारी २:४०

दादा, हा रकाना सोन्यासारखा आहे. एक्सबॉक्स ३६० वरची जीटीए ५ पण तशीच, दोन डिस्कची. आणि पीएस १ वरची फायनल फँटसी ७ तीन डिस्कची. वहीत एक नोंद आहे, 'एफएफ ७, डिस्क २ आणि ३, बाकी छान'. बाकी छान!

खडखड्या | सोमवार, दुपारी २:४४

म्हणजे लग्नाचा अल्बम घेतला, फक्त पंगतीचे फोटो आहेत.

एडिसनवाली | मंगळवार, सकाळी ६:२०

न्यू जर्सीहून. इथे गराज सेलमधून गेम उचलायचा छंद आहे, म्हणून थोडं लिहिते.

भारतात तुम्हाला मोठी अडचण अशी की झालेल्या विक्रीची किंमत उघड्यावर कुठेच दिसत नाही. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. ओएलएक्सवर दिसते ती मागितलेली किंमत. मागणी म्हणजे विक्री नव्हे. वहीत मागितलेली किंमत चुकूनही लिहू नका, अगदी 'अंदाज यावा' म्हणूनसुद्धा नाही.

इथे ईबेवर झालेल्या विक्री दिसतात आणि प्राइसचार्टिंगसारखी साइट त्यावरूनच सुटी, कम्प्लीट, नवी असे वेगवेगळे भाव लावते. रिकामा डबा आणि एकटी पुस्तिका यांचेसुद्धा वेगळे भाव असतात. पण कच्चा माल ईबेचा असला तरी निवडून घ्यावा लागतो. माझे अनुभवाचे खड्डे:

किंमत खोडलेली दिसली आणि खाली 'बेस्ट ऑफर' मान्य झाल्याचं लिहिलं असेल, तर ती विकणाऱ्याने मागितलेली किंमत. प्रत्यक्षात कितीला गेली ते तिथे दिसत नाही. बाजूला ठेवा.

पाच गेम एकत्र गेले तर एकूण रकमेला पाचाने भागू नका. त्यात एक हिरा आणि चार दगड असतात. नोंदच घेऊ नका.

टपालखर्च एकदा ठरवा, धरायचा की नाही. मी धरते, कारण घेणाऱ्याच्या खिशातून तेवढे जातात. काहीही करा, पण सगळीकडे एकच करा.

आणि शीर्षकावर विश्वास ठेवू नका! 'मारिओ, खोका, फारच दुर्मिळ' असं वाचून मी एकदा हरखले, बोली लावली, आणि घरी आला रिकामा खोका. तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं 'गेम नाही'. नवरा अजून त्यात पेन ठेवतो.

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ९:३०

एडिसनवाली, तुमच्या पेनांच्या खोक्याने माझा पुढचा मुद्दा आयता दिला.

शीर्षकातले शब्द शोधून वर्गवारी करायची असेल (३१७ ला नको, पण हजारांच्या घरात गेलात तर लागेल) तर क्रम महत्त्वाचा. मी आमच्या इथल्या एका मित्रासाठी असा प्रकार करून पाहिला होता. पहिल्या फेरीत 'मॅन्युअल' हा शब्द सापडला की पुस्तिका 'आहे'. निकाल काय? 'मॅन्युअल नाही', 'मॅन्युअल हरवलंय', 'फक्त मॅन्युअल', सगळे कम्प्लीटच्या ढिगात. नकार लिहायलाही तोच शब्द लागतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून आधी बाहेर काढायचं ते काढा: नकली, रिप्रो (नव्याने बनवलेली नक्कल), लॉट (एकत्र विकलेले गेम), फक्त डबा, फक्त पुस्तिका, बंद पडलेली. मग नकार शोधा: नाही, विना, शिवाय, सोडून, मिसिंग. आपल्याकडचे लोक 'कव्हर नहीं है' हिंदीत लिहितात आणि 'विदाउट बॉक्स' इंग्रजीत, तेही धरा. होकार सगळ्यांत शेवटी. आणि एवढं करून जे कुठेच बसत नाही ते बळजबरीने बसवायचं नाही, माणसाने फोटो पाहायचे.

फोटो आणि शीर्षक यांत भांडण असेल तर फोटो खरा. फक्त तो त्या प्रतीचाच हवा. नेटवरून उचललेला चकचकीत फोटो म्हणजे 'माहीत नाही'.

जुनी_फुंकर | मंगळवार, रात्री ११:३०

आता 'कसं आहे' यावर. लॅमिंग्टन रोडच्या बाजूला वीस-बावीस वर्षं दुरुस्ती करतोय, तेव्हा एवढं तरी सांगू शकतो.

'ओरखडे आहेत' हा शेरा निरुपयोगी. कुठल्या डिस्कवर आणि कुठल्या बाजूला ते लिहा. सीडीची माहिती वरच्या छापील बाजूला चिकटून असते, खाली १.२ मिलिमीटर पारदर्शक प्लास्टिक. त्यामुळे पीएस १ च्या डिस्कवर खालून ओरखडे पडले तर पॉलिश करून बऱ्याचदा निभावतं, पण वरून छापावर खरवडलं तर माहितीच उडाली. ट्यूबलाइटसमोर धरा, टाचणीएवढी भोकं दिसली तर ती प्रत गेली. डीव्हीडीत माहितीचा थर मधोमध असतो, ०.६ मिलिमीटरवर. ब्लू-रेमध्ये खालच्या बाजूला फक्त ०.१ मिलिमीटरवर. वरून कडक लेप असतो म्हणून पीएस ३, पीएस ४ च्या डिस्कवर सहसा ओरखडे उठत नाहीत. पण उठले तर पॉलिशच्या नादी लागू नका. मशीनवर धरलेली ब्लू-रे कायमची मेलेली मी पाहिली आहे.

तेव्हा डिस्कची स्थिती अशी लिहा: 'खालून बारीक ओरखडे, पहिल्या टप्प्यापर्यंत चालवून पाहिली'. 'उत्तम' लिहू नका. उत्तम सगळेच म्हणतात.

पीएस २ मध्ये आणखी एक. खालून निळी डिस्क दिसली की लोक नकली म्हणतात. काही अस्सल गेम सीडीवर आले होते, त्या निळ्याच असतात. कॉपी केलेल्या डीव्हीडीचा तळ जांभळट असतो आणि आतल्या कड्यावर छापखान्याची बारीक खूण, आयएफपीआय अशी अक्षरं, बहुधा नसते. नकली प्रत वहीत 'सुटी' म्हणूनही नको. ती वेगळी वस्तू आहे.

कॅसेटींचं उद्या.

जुनी_फुंकर | बुधवार, रात्री ११:१०

कॅसेटी. जुन्या पोकेमॉनमध्ये सेव्ह बॅटरीवर टिकतं. बॅटरी मेली की गेम चालतो, पण बंद केला की खेळ पुसला जातो. पोकेमॉनच्याच रुबी, सफायर, एमराल्डमध्ये तसं नाही. तिथे बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे. 'बॅटरी संपली' असा संदेश येतो, तरी सेव्ह शाबूत राहतं, वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी तेवढ्या थांबतात. म्हणजे 'बॅटरी डेड' हा एकच शेरा दोन गेममध्ये दोन वेगळे अर्थ घेऊन येतो. रकान्यात 'सेव्ह होतं का' असं विचारा.

बॅटरी बदललेली असेल तर तेही लिहा. काहींना ती चालते, काहींना मूळचीच हवी. उघडलेल्या कॅसेटचा आतला फोटो असला तर उत्तमच, अस्सल-नकली तिथेच कळतं. गेम बॉय अॅडव्हान्सच्या अस्सल लेबलवर दोन आकडे आणि कधी एक अक्षर दाबून उमटवलेलं असतं, तिरक्या उजेडात दिसतं. खालून पिनांच्या वर बोर्डावर निन्टेन्डोचं नाव वाचता येतं. हार्टगोल्डची अस्सल कॅसेट काळी दिसते पण दिव्यासमोर धरली की तांबूस झाक मारते, कारण पोकेवॉकरशी बोलायला तिच्यात इन्फ्रारेड आहे. कॅसेटवाला, पोकेवॉकर नाही म्हणताय, तेव्हा कॅसेट तरी खरी आहे का ते आजच बघा.

कॅसेटवाला | बुधवार, रात्री ११:२५

बघितली. तांबूस आहे. जीव भांड्यात पडला.

निशिकासाईकर | गुरुवार, सकाळी ७:४५

तोक्योहून. इथे विकणाऱ्यांची या बाबतीतली भाषा ठरलेली आहे, म्हणून गंमत सांगतो. 'हाको-सेत्सु-त्सुकी' म्हणजे खोका आणि पुस्तिकेसकट. 'सोफुतो नोमी' म्हणजे नुसता गेम. 'जंकु' म्हणजे जंक, चालेल की नाही याची हमी नाही, तक्रार करायची नाही. अकिहाबारात सुपर पोटॅटोसारख्या दुकानात किंवा हार्ड ऑफच्या जंकच्या टोपलीत हात घालण्याआधी एवढे तीन शब्द आले तरी निभावतं.

पण मोजपट्टी म्हणतात ती 'मुळात काय होतं' यादी इथे लांबते. पीएस १ आणि सेगा सॅटर्नच्या जपानी डब्यांच्या पाठीवर एक कागदी पट्टी असते, 'ओबी'. तिच्यावाचून संग्राहक पूर्ण म्हणत नाहीत. अभिप्रायाचं पोस्टकार्डसुद्धा कुणी कुणी मोजतात. अमेरिकेच्या यादीने जपानी प्रत तपासली तर ओबी नसलेली प्रत सरसकट पूर्ण ठरेल. म्हणून देशाचा रकाना आधी, बाकी नंतर.

एडिसनवाली | गुरुवार, सकाळी ८:१०

देशासोबत आवृत्तीही! पहिली छपाई आणि नंतरची स्वस्त आवृत्ती यांचे भाव वेगळे पडतात. तुमच्याकडच्या पीएस २ वर 'प्लॅटिनम' लिहिलेली चंदेरी कव्हरं, आमच्याकडे लाल पट्टीची 'ग्रेटेस्ट हिट्स'. गेम तोच, ढीग वेगळा.

आणि 'इतर' मधली एक आवडती गोष्ट. १९९० च्या स्टारट्रॉपिक्स या एनईएसच्या (निन्टेन्डोचं जुनं कन्सोल) गेममध्ये एक कागदी पत्र यायचं. खेळात एका ठिकाणी सांगतात, पत्र पाण्यात बुडवा. बुडवलं की ७४७ हा आकडा उमटतो आणि त्याशिवाय पुढे जाता येत नाही. आता सांगा, कोरडं पत्र असलेली प्रत आणि भिजवलेलं पत्र असलेली प्रत, दोन्ही कम्प्लीट ना?

मोजपट्टी | गुरुवार, सकाळी ९:२०

दोन्ही कम्प्लीट. पत्र 'आहे'. भिजलंय हे 'कसं आहे' मध्ये. मी पहिल्याच प्रतिसादात दोन रकाने का पाडले, त्याला याहून छान उदाहरण मला सुचलं नसतं.

उलट बाजूचं उदाहरण घ्या. २०११ च्या बॅटमॅन आर्कम सिटीच्या नव्या डब्यात कॅटवुमनच्या भागासाठी कोडचा कागद होता. पहिल्या मालकाने तो वापरला की दुसऱ्याला वेगळे पैसे मोजावे लागत. कागद आहे, पण मेलेला. मी तो 'आहे' लिहून 'कोड वापरलेला' असा शेरा देईन.

गल्ली_नं_२ | गुरुवार, दुपारी १२:०५

मेटल गिअर सॉलिडचा नंबर इसरलासा व्हय! पीएस १ वर गेममधल्या मेरिलला रेडिओवर, म्हंजे कोडेकवर, लावायचा नंबर, १४०.१५, डब्याच्या मागच्या फोटोत छापलेला. आमच्याकडं सगळ्यांच्याकडं पाकिटातली पायरेटेड डिस्क. डबाच न्हाई तर नंबर कुठनं आणणार? मी एकेक करून सगळे नंबर लावून बघितलेत, शप्पथ.

खडखड्या | गुरुवार, दुपारी १२:१२

दादा, तुम्हाला लहानपणीच कळायला पाहिजे होतं की डब्याला किंमत असते.

वाचनमात्र | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

पहिल्यांदाच लिहितोय. सीलपॅकचं काय? २०२१ च्या जुलैमध्ये सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली होती. माझ्या मामाकडे पीएस २ ची 'हनुमान: बॉय वॉरियर' सीलबंद आहे. दर्जा ठरवून घ्यावा का?

जुनी_फुंकर | शुक्रवार, रात्री ११:४०

बाळा, मामाला सांग डबा उन्हात ठेवू नकोस. बाकी स्वप्नं नकोत. ती मारिओची प्रत 'वाटा' या दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने ९.८ आणि सीलला ए++ असा दर्जा दिलेली होती आणि हेरिटेज या लिलाव कंपनीच्या लिलावात गेली. तशा नोंदींचा ढीग वेगळाच ठेवायचा. 'नवी' आणि 'दर्जा दिलेली नवी' एकत्र केल्या की साध्या सीलबंद प्रतीचा भाव आभाळाला टेकतो आणि मामासारखे लोक वाट बघत बसतात.

'नवी' या शब्दालाही चाळणी लावा. काही दुकानं डबा शेल्फवर आणि डिस्क गल्ल्यामागे ठेवतात. तो गेम कुणी खेळलेला नसतो, पण सील तुटलेलं असतं. माझ्या लेखी तो 'कम्प्लीट, न वापरलेला'. आणि प्लास्टिक गुंडाळून हीट गन मारायला दोन मिनिटं लागतात, मला विचारा. एनईएसच्या अस्सल सीलला मागच्या बाजूला इंग्रजी एच अक्षरासारखी शिवण दिसते. ती दिसत नसेल तर शंका घ्यायची, आणि शंका असेल तर 'माहीत नाही'.

हनुमान २००९ ची आहे, आपल्याकडे बनलेली. भाव कितीही असो, मामाला म्हणावं विकू नकोस.

कॅसेटवाला | रविवार, रात्री ९:५०

अहवाल देतो. हा आठवडा यातच गेला, बायको म्हणते वहीशी लग्न कर.

मोजपट्टीताईंनी खासगी निरोपातून एक खोडी सुचवली होती. चाळीस नोंदींचे फोटो काढून मी आणि गटातला एक मित्र, एकमेकांचं न बघता वेगवेगळे भरायला बसलो. शेवटी ताडून पाहिलं. नऊ ठिकाणी मतभेद. त्यातले सात 'कसं आहे' मधले, मी 'चांगली' लिहिलं तिथे त्याने 'बरी'. काय काय आहे यात फक्त दोन, तेही फोटो अर्धवट म्हणून. मोजता येतं तिथे भांडण नाही. म्हणून चांगली-बरी हे शब्दच काढून टाकले. आता दोष लिहितो: कव्हर फाटलं, डब्याचं बिजागर तुटलं, पुस्तिकेवर पेनाने नाव, लेबल सोललं, सेव्ह होत नाही. दोष नसेल तर रकाना रिकामा नाही, 'पाहिलं, दोष नाही' असं.

३१७ पैकी ११ मागितलेल्या किमती निघाल्या, उडवल्या. १९ लॉट, उडवले. ६ नकली, त्यांतली एक मीच अस्सल म्हणून घेतलेली. ७४ ठिकाणी 'माहीत नाही'. राहिल्या २०७. आणि सरासरीऐवजी आता मधली किंमत घेतो. सॅन अँड्रियास: सुटी ४५०. कम्प्लीटच्या दोनच नोंदी, म्हणून भाव सांगत नाही, दोन्ही किमती तारखेसकट दाखवतो. गेल्या महिन्यात भाव विचारणाऱ्याची माफी मागून त्याला ४५० सांगितले. दुसऱ्या दिवशी डिस्क गेली.

गल्ली_नं_२ | रविवार, रात्री १०:०५

लई भारी. वहीचं कोरं पान पाठवा की, मी पण भरतो. गिऱ्हाईक गेल्यावर.

वाचनमात्र | रविवार, रात्री १०:२०

एक शेवटची शंका. काल घेतलेल्या पीएस ३ च्या गेमचा डबा जीटीए ५ चा आहे, कव्हर ठीक, पुस्तिका आणि नकाशा पण आहे. आत डिस्क फिफा १४ ची. ही कुठल्या रकान्यात?

मोजपट्टी | रविवार, रात्री १०:२६

एका नोंदीत बसवू नका. जीटीए ५: डबा, कव्हर, पुस्तिका, नकाशा आहे, गेम नाही. फिफा १४: गेम आहे, बाकी काही नाही. पैसे एकत्र मोजले असतील तर किंमत दोन्हीकडे कोरी ठेवा.

खडखड्या | रविवार, रात्री १०:२८

आणि तुझी जीटीएची डिस्क कुणाच्या तरी फिफाच्या डब्यात आहे. शोध त्याला.